परदेशी केंद्र आणि गठ्ठेसाहेबांची खुर्ची

गठ्ठेसाहेब भर बैठकीत मला "प्रभारी" म्हणाले नसते, तर आज आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी संस्कृती माहिती केंद्र नसतं आणि मी दुपारच्या वेळी कार्ड कॅटलॉगच्या आडोशाला सुखाने डुलकी काढत असतो.

मी प्रभारी ग्रंथपाल आहे, हे खरं. आधीचे ग्रंथपाल निवृत्त झाले तेव्हा "नवा माणूस येईपर्यंत जरा बघा" असं मला सांगण्यात आलं. तेव्हा माझी मुलगी शाळेत जात होती. आता तिची मुलगी शाळेत जाते. नवा माणूस अजून यायचाय आणि मी अजून जरा बघतोय. पण म्हणून तो शब्द चारचौघांत, तोही असा चघळून चघळून म्हणायचा?

गठ्ठेसाहेब म्हणजे परीक्षा विभागाचे प्रमुख. हे नाव मी ठेवलेलं आहे आणि त्याबद्दल मला यत्किंचितही वाईट वाटत नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला या माणसाला सगळं जग कमी पडतं. माझ्या ग्रंथालयाचा जिन्याखालचा कोनाडा त्यांनीच गिळला, मागचा व्हरांडा गिळला, नियतकालिकांच्या दालनाचा अर्धा भाग जाळी ठोकून गिळला. उरली होती ती पूर्वेकडची खोली. मोठ्या खिडक्यांची, सकाळी ऊन येणारी, पंखा बंद असला तरी वारा लागणारी ग्रंथालयातली एकुलती एक खोली. त्या दिवशी बैठकीत त्यांनी तिच्यावरही बोट ठेवलं.

"ग्रंथालयात हल्ली येतं कोण?" ते कुलगुरूंना म्हणाले. "खोली नुसती पडून आहे. आणि आमचे हे प्रभारी... प्रभारीच ना, आज आहेत, उद्या नाहीत. ते तरी काय करतायत तिथे?"

सगळे हसले. लेखा विभागाची माणसं तर गरजेपेक्षा जास्त हसली. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. नेमक्या त्याच वेळी कुलगुरू समोरचा पुढचा कागद वाचत होते. एका दूरच्या देशाच्या वकिलातीला आपल्या संस्कृतीची माहिती देणारं केंद्र कुठल्या तरी विद्यापीठात उघडायचं होतं. पुस्तकं ते देणार, वस्तू ते देणार, जागा तेवढी आपण द्यायची. "आहे का कुणाकडे जागा?" असं कुलगुरूंनी विचारलं आणि मी उभा राहिलो. बोलायचं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उभे राहिले.

"पूर्वेकडची खोली," मी म्हणालो. "मी उभं करतो केंद्र."

कुलगुरूंना भांडणं आवडत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला. "महिनाअखेरीला त्यांच्या सांस्कृतिक अधिकारी बाई उद्घाटनाला येतील. त्या दिवशी केंद्र उभं दिसलं तर खोली ग्रंथालयाची. नाही दिसलं तर परीक्षा विभागाची. पुढचा विषय."

घरी येऊन मी ही बातमी जरा छाती काढून सांगितली. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मोरीतला नळ गळतोय, तो आधी बघा. देश नंतर उघडा."

मग तिचा भाऊ आला. माझा मेहुणा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. लग्न ठरवताना ही बाब मी फारच हलक्यात घेतली होती. त्याला कंपनीने एकदा आठवडाभर परदेशात पाठवलं होतं. तेव्हापासून त्याचं प्रत्येक वाक्य "तिकडे" या शब्दाने सुरू होतं.

"तिकडे असली केंद्रं गल्लोगल्ली असतात, भावोजी," तो सोफ्यावर पसरत म्हणाला. "मी आहे ना. काळजीच सोडा."

"तू या देशात गेला होतास?"

"याच नाही. पण तिकडे सगळं सारखंच असतं."

देश नेमका आहे तरी कुठे हे बघायला मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातला मोठा नकाशासंग्रह काढला. मागे एकदा आम्ही त्याची पक्की बांधणी करून घेतली होती. बांधणाऱ्याने शिवण इतकी घट्ट घातली होती की तो अख्खा देश तिच्यात गेला होता. राजधानीचा अर्धा ठिपका तेवढा बाहेर डोकावत होता. पान ताणून पाहिलं तर शेजारचा समुद्र फाटायला लागला, म्हणून नाद सोडला.

मग फर्निचर. टेबलखुर्च्या मागायला मी भांडार विभागात गेलो. तिथल्या अधीक्षकांनी मला बसायला सांगितलं नाही. त्यांच्याकडेही खुर्च्या कमी असाव्यात.

"केंद्र अस्तित्वात आहे का?" त्यांनी विचारलं.

"टेबलखुर्च्या आल्या की येईल."

"अस्तित्वात नसलेल्या केंद्राला टेबल कसं देणार? केंद्र सुरू करा, मग मागणी करा."

"मग उद्घाटनाला लोक बसतील कशावर?"

"तो शैक्षणिक प्रश्न झाला," अधीक्षक म्हणाले. "तो आमच्याकडे येत नाही." आणि त्यांनी पंख्याचा वेग वाढवला. माझ्या हातातला अर्ज उडाला आणि तो पकडायला मला त्यांच्या टेबलाखाली शिरावं लागलं. माझ्या वयाच्या माणसाने भांडार विभागात रांगत जाणं बरं दिसत नाही, पण अर्ज सही केलेला होता.

समोरच्या घरातले वकीलसाहेब संध्याकाळी जिन्यात भेटले. त्यांनी फुकट सल्ला दिला. "दावा ठोका. खोलीवर मनाई हुकूम आणतो. तुमच्या नातीच्या हयातीत निकाल नक्की." मी आभार मानून घरात शिरलो.

एवढ्यात खोकी आली. वकिलातीने शब्द पाळला होता. पुस्तकं होती, लोकरीच्या टोप्या होत्या, लाकडी चमचे, रंगीत पोशाखातली एक बाहुली, चित्रं, आणि एका लांबलचक खोक्यात सुट्या फळ्या. या फळ्या जोडल्या की पुस्तकं मांडायचं सुंदर कपाट होतं, असं सोबतच्या चित्रात दिसत होतं. मी मनात भांडार विभागाला हात जोडले आणि कामाला लागलो.

इथे मला आमची शिस्त सांगायला हवी. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक गोष्टीवर आधी कुणाच्या खुणा, चिठ्ठ्या असतील त्या काढायच्या. मग आपला शिक्का. मग आपलं लेबल. भेट आलेली असेल तर त्यावर आमची छापील "सप्रेम भेट" पट्टी. दुसऱ्याची खूण राहिली की उद्या तो परत मागायला उभा, हे मी अनुभवाने शिकलोय. आणि ही शिस्त राबवायला माझ्याकडे लेबलबाई आहेत. बाई माझ्या सहायक. त्यांच्या टेबलावर आलेली वस्तू शिक्का खाल्ल्याशिवाय परत जात नाही. माझ्या डब्यावर विद्यापीठ ग्रंथालयाचा शिक्का आहे. माझ्या छत्रीवर आहे. छत्री घरी आणली तेव्हा बायकोने विचारलं होतं, "चोरून आणलीत का?"

"बाई," मी सांगितलं, "त्या खोलीत जे जे येईल, त्याला शिक्का आणि लेबल. आणि सगळ्याला सप्रेम भेट लावा, कारण सगळं भेटच येतंय."

"जे जे येईल ते, सर?"

"जे जे येईल ते."

बाई तुटून पडल्या. पुस्तकांचं सोपं होतं. मुखपृष्ठामागे एक शिक्का, आणि प्रत्येक ग्रंथालयाचं जसं एक ठरलेलं आतलं पान असतं, त्यावर दुसरा. टोप्यांना आतून शिक्के मारले. बाहुलीपाशी मात्र आम्ही अडलो. बाहुलीचं आतलं पान कुठलं? बराच खल करून तळपायावर मारला.

आणि फळ्या. प्रत्येक फळीवर एकेक परकी चिठ्ठी डकवलेली होती. बाईंनी ओल्या फडक्याने सगळ्या चिठ्ठ्या अगदी निगुतीने काढल्या, फळ्या स्वच्छ पुसल्या, शिक्के मारले आणि आपली लेबलं लावली. कुठली फळी कुठे जोडायची हे त्या चिठ्ठ्यांवर होतं, हे आम्हाला चित्राचा कागद नीट उघडल्यावर समजलं. तोपर्यंत चिठ्ठ्यांचा लगदा कचऱ्याच्या डब्यात होता.

"त्यात काय एवढं!" मेहुणा म्हणाला. "तिकडे हे लहान पोरंसुद्धा जोडतात."

रविवारी त्याने बाह्या सरसावल्या. मी फळ्या धरायच्या आणि त्याने "इकडे नाही, तिकडे" म्हणायचं, असं कामाचं वाटप झालं. फळीने माझा अंगठा चेचला, पाठीत उसण भरली, पण संध्याकाळपर्यंत काहीतरी उभं राहिलं. कपाट म्हणावं तर त्यात हात जात नव्हता. टेबल म्हणावं तर वरची बाजू उतरती होती. एक पाय छताकडे तोंड करून होता. उरलेले मूठभर स्क्रू मेहुण्याने माझ्या खिशात कोंबले. "जादाचे देतात तिकडे," तो म्हणाला. "आणि हे आधुनिक आहे, भावोजी. तुम्हाला सवय नाही."

मी भीत भीत त्यावर एक पातळसं पुस्तक ठेवलं. त्या आधुनिक वस्तूने आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि शेवटी सगळीच माझ्या पायाशी लोळण घेतली.

सोमवारी गठ्ठेसाहेब दारात येऊन उभे राहिले. फळ्यांच्या ढिगाकडे बघून म्हणाले, "ही त्यांची संस्कृती, की तुमची?"

बोलण्यासारखं काही सुचलं ते रात्री अंथरुणात, आणि तेव्हा ऐकायला फक्त बायको होती.

उद्घाटन दोन दिवसांवर आलं. मी पुन्हा भांडार विभागात गेलो, पुन्हा तेच ऐकून परत आलो, आणि पूर्वेकडच्या खोलीत पाऊल टाकलं तर काय! दोन पोलादी कपाटं. एक लांब टेबल. ओळीने खुर्च्या. आणि मधोमध गठ्ठेसाहेबांची स्वतःची गादीची, गरगर फिरणारी खुर्ची, जिच्यावर शिपायाने नुसता हात ठेवला तरी ते ओरडायचे. आमच्या फळ्या कोपऱ्यात भिंतीशी रेटल्या होत्या. बाहुली खिडकीत उलटी पडली होती.

"तात्पुरतं ठेवलंय," गठ्ठेसाहेब मागून म्हणाले. "परवा तसंही आमचंच होणार. दोनदा कशाला हलवा?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला फार लागलं. इतकी वर्षं त्या खोलीत सकाळच्या उन्हात पुस्तकांची धूळ झटकली, पोरांना पुस्तकं शोधून दिली. आणि माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची खुर्ची मधोमध. घरी येऊन मी जेवलो नाही. रडलोही असतो, पण समोर मेहुणा बसला होता.

"अहो," बायको म्हणाली. या वेळी तिने हातातलं काम बाजूला ठेवलं होतं. "तुम्ही रागावून बसू नका. कुलगुरूंना भेटा. खोली जाऊ द्यायची नाही, सांगून ठेवते."

दुसरा अख्खा दिवस मी कुलगुरूंच्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून काढला. आत बैठका चालू होत्या. संध्याकाळी कुलगुरू घाईघाईने बाहेर आले, मला बघून म्हणाले, "अरे वा, तयारी झाली ना? उद्या भेटूच," आणि गाडीत बसून गेले.

उद्घाटनाच्या सकाळी मी ग्रंथालयात गेलो तो फाशीला निघाल्यासारखा. सोबत बायको होती, हातात घरचे नवे पडदे घेऊन. मागे मेहुणा होता, कारण परदेशी बाईंशी बोलायला तिकडचं कुणीतरी हवं, असं त्याचं मत. दारात लेबलबाई उभ्या होत्या.

"सर, सगळं झालं," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"तुम्ही सांगितलं होतंत तसं. खोलीत जे जे आलंय ते."

मी आत पाहिलं. पोलादी कपाटांवर विद्यापीठ ग्रंथालयाचा शिक्का. टेबलावर शिक्का. एकेका खुर्चीच्या पाठीवर शिक्का, लेबल आणि खाली ठसठशीत पट्टी, "सप्रेम भेट". गठ्ठेसाहेबांच्या गादीच्या खुर्चीवर तर पाठीमागे एक आणि बसायच्या जागी एक, असे दोन. बाईंनी तिला पुस्तकासारखं आतलं पानही दिलं होतं.

"बाई! अहो, हे परीक्षा विभागाचं सामान! हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"त्यावर कुठे लिहिलं होतं, सर?" बाई शांतपणे म्हणाल्या. "एकेक फडक्याने पुसून पाहिलं. खूण नाही, पत्र नाही, हलवल्याचा कागद नाही. कुणी आणून ठेवलं, न विचारता. मग भेटच ना?"

बाईंचा चेहरा कोरा होता. त्या भोळेपणाने बोलत होत्या की नाही, हे मला आजवर समजलेलं नाही. पण माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. खुणा पुसल्या होत्या त्या देशाच्या फळ्यांच्या, तेव्हा आमचं वाटोळं झालं होतं. या वेळी? या वेळी मात्र सामान परत मागायचं तर ते इथे आलं कसं, हे आधी सांगावं लागणार होतं. आणि तेही कुलगुरूंसमोर.

"बाई," मी म्हणालो, "कपाटं उघडी आहेत का?"

"रिकामी आहेत, सर. कुलपं अजून लावलेली नाहीत."

मग काय, आम्ही चौघं भुतासारखे राबलो. कपाटांची दारं सताड उघडून पुस्तकं मांडली. लांब टेबलावर चमचे, टोप्या आणि मधोमध बाहुली. बायकोने पडदे लावले, आणि पडदा लावताना त्या सकाळच्या उन्हात ती जरा थांबली. "काय खोली आहे हो!" एवढंच म्हणाली. लग्नानंतर प्रथमच तिने माझ्या नोकरीतल्या एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं. मेहुण्याने बांधणी विभागातून कापडाची लाल फीत आणली आणि दाराला बांधली. फितीवरही शिक्का होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

कुलगुरू आले, सोबत उंच, हसऱ्या चेहऱ्याच्या सांस्कृतिक अधिकारी बाई, आणि दोन पावलं मागे गठ्ठेसाहेब. त्यांच्या मागे त्यांचे दोन शिपाई, दोघांच्या हातात कुलपं. उद्घाटन फसलं की लगेच लावायची तयारी करून आले होते पठ्ठे.

फीत कापली. दार उघडलं. खोलीभर ऊन पसरलं होतं, नियतकालिकांच्या दालनातली जागा गेल्यापासून जिन्यात बसून वाचणारी मुलंमुली लेबलबाईंनी आधीच आत आणून बसवली होती, आणि सगळ्यांच्या हातात पुस्तकं होती. अधिकारी बाई दारातच थबकल्या. गठ्ठेसाहेबही थबकले. त्यांची नजर आपल्या खुर्चीवर गेली, मग पट्टीवर.

"हे... हे तर..." त्यांनी तोंड उघडलं.

"अरे वा!" कुलगुरू म्हणाले. "फर्निचर फारच छान आहे. भांडार विभागाने दिलं?"

मी घसा साफ केला. माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतक्या सावकाश कधी बोललो नव्हतो. "नाही सर. परीक्षा विभागाची सप्रेम भेट आहे. साहेबांनी कुणाला न सांगता, स्वतः उभं राहून, परवा दुपारी पाठवलं. स्वतःची खुर्चीसुद्धा दिली. हलवायच्या कागदासाठीदेखील थांबले नाहीत."

गठ्ठेसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. नाही म्हणावं, तर निकाल लागायच्या आधीच खोली बळकावली हे कबूल करा. हो म्हणावं, तर खुर्ची गेली. कुलगुरू त्यांच्याकडे बघत होते.

"हो," शेवटी ते म्हणाले. "म्हणजे... वाचनासाठी आपलं..."

"कमाल केलीत!" कुलगुरूंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आणि मला वाटत होतं तुम्हाला खोली हवी आहे."

अधिकारी बाईंना इंग्रजीत हे सांगितल्यावर त्यांनी गठ्ठेसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि त्यांना त्याच खुर्चीत बसवून, डोक्यावर लोकरीची टोपी घालून फोटो काढून घेतला. तो फोटो आजही केंद्राच्या दारात लावलेला आहे. त्यांच्या मागे दोघे शिपाई कुलपं घेऊन अगदी गंभीरपणे उभे आहेत.

मग अधिकारी बाई कोपऱ्यातल्या फळ्यांपाशी गेल्या. मेहुणा पुढे सरसावला, "तिकडे..." म्हणाला आणि त्याच्या पुढचं इंग्रजी संपलं. बाईंनी फळ्या पाहिल्या आणि त्यांना हसू आवरेना. त्यांच्या वकिलातीतही हेच कपाट वर्षभर कोपऱ्यात पडून होतं, चिठ्ठ्या जागेवर असूनही कुणाला जमलं नव्हतं. म्हणून तर त्यांनी ते आम्हाला दिलं होतं!

जाताना कुलगुरू दारात थांबले. "खोली तुमची," ते म्हणाले. "आणि केंद्राच्या पाटीवर नाव घालाल तेव्हा नुसतं 'ग्रंथपाल' घाला. ते प्रभारी वगैरे फार लांबतं. आदेश काढतो मी." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खिशात हात घातला, रुमाल समजून मेहुण्याचे स्क्रू बाहेर आले आणि जमिनीवर सगळीकडे घरंगळले. मुलं हसली. मीही हसलो, आणि डोळे बाहीला पुसले.

केंद्र आता जोरात चालतं. नकाशासंग्रह आम्ही उसवून पुन्हा बांधून घेतला, तो देश आता अख्खा दिसतो. सकाळी जागा मिळत नाही. आणि दुपारी, जेवणानंतर, एक वाचक न चुकता येतो. त्याला घरच्या किंवा ऑफिसच्या कुठल्याच खुर्चीत बसवत नाही, त्याची पाठ एकाच खुर्चीला सरावली आहे. तो गुपचूप त्या गादीच्या खुर्चीत बसतो, परदेशी मासिक उघडतो आणि वाचताना अधूनमधून गिरकी घेतो. बंद व्हायच्या वेळी मी जवळ जाऊन हळूच म्हणतो, "साहेब, वेळ झाली," आणि गठ्ठेसाहेब मुकाट्याने उठतात.

परवा मात्र ते दारापर्यंत जाऊन परत आले.

"ग्रंथपाल," ते म्हणाले. मला त्या शब्दाने अजून बरं वाटतं, म्हणून मी जरा उशिराच ओ दिली. "त्या खुर्चीवरचं लेबल निघायला आलंय हो. बसताना टोचतं. काढून टाकता येईल का?"

"का नाही?" मी म्हणालो आणि बाईंना हाक मारली. "बाई, साहेबांच्या खुर्चीचं लेबल निघालंय. नवीन लावा. आणि एक शिक्काही मारा, जुना जरा पुसट झालाय."